दोनदा लसूण

लंडनला आल्यानंतरचं पहिलं दीड वर्ष माझ्या स्वयंपाकात लसूण नव्हती. व्रत नव्हतं, पथ्यही नव्हतं. ज्या बाईंच्या घरात आम्ही वरची खोली घेतली होती, त्यांनी पहिल्याच आठवड्यात जिन्याच्या कठड्याला एक चिठ्ठी अडकवली. अक्षर सुबक, 'प्लीज' दोनदा. लसणीचा वास पडद्यांत बसतो, तरी घरात ती वापरू नये. माझा नवरा तेव्हा हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर होता आणि चार खोल्या पाहून नकार पचवून आला होता. त्याने चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "हिंग आहे ना आपल्याकडे?" हिंगाबद्दल चिठ्ठीत काही नव्हतं, कारण बाईंना हिंग ठाऊकच नव्हता.

त्यामुळे एकोणसत्तरच्या हिवाळ्यात आम्ही उत्तर लंडनमधलं दुसरं घर बघायला गेलो आणि दार उघडताच ठेचलेल्या लसणीचा वास अंगावर आला, तेव्हा मी खोल्या बघायच्या आधीच नवऱ्याला मराठीत म्हणाले, "अहो, इथंच." त्याने निदान बाथरूम तरी बघू या म्हटलं. बाथरूम थंडगार होती आणि गरम पाणी आठवड्यातून तीन दिवस. आम्ही तिथे जवळजवळ नऊ वर्षं राहिलो.

घरमालकीण सायप्रस बेटावरची ग्रीक विधवा होती. पन्नाशी उलटलेली, कायम काळ्या कपड्यांत, दंड भरदार. तिच्या इंग्रजीत क्रियापदं फारशी नसत, पण अडत नसे. ती मला 'कोरी मू' म्हणायची. त्याचा अर्थ 'माझी पोर' हे मला महिनाभराने कळलं. तोवर मी समजत होते की ती मला कोरी म्हणते आहे, कोऱ्या पाटीसारखी, आणि मला ते चुकीचंही वाटत नव्हतं. पुण्याहून मी संस्कृतची एम. ए. करून आले होते. लंडनमध्ये त्या पदवीकडे बघून एंप्लॉयमेंट ऑफिसातल्या बाईंनी विचारलं होतं, "टायपिंग येतं का?"

तो वास ज्याचा होता ती चटणी मी पहिल्या वसंतात पाहिली. त्यांच्या ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या दिवसांत, मासा चालणाऱ्या एका सणाला तळलेला मासा आणि उकडलेलं बीट करत, आणि बरोबर ही. शिळा पाव भिजवून पिळून घ्यायचा. लसणीच्या सात-आठ पाकळ्या मिठाबरोबर लाकडी खलात घालायच्या, अगदी लोणी होईपर्यंत वाटायच्या, मग पाव, मग थेंब थेंब ऑलिव्हचं तेल, शेवटी व्हिनेगर. ऑलिव्हचं तेल तेव्हा आमच्या भागातल्या इंग्रजी दुकानांत मिळत नसे. केमिस्टकडे असायचं, छोट्या बाटलीत, कानात घालायला. ती मात्र तिच्या लोकांच्या दुकानातून भला मोठा पत्र्याचा डबा आणायची आणि बसमधून मांडीवर घेऊन यायची.

"स्कोर्दाल्या," ती चमचा माझ्यापुढे करत म्हणाली.

मी चाटून पाहिली. मिरची नाही, जिरं नाही, आणि तरी कानापर्यंत झिणझिण्या. मी तिला माझी लसणीची चटणी नेऊन दिली, सुक्या खोबऱ्याची, तिखट. तिने ती पावाला लावून खाल्ली, खोकली, डोळे पुसले आणि अजून मागितली.

भाषेचा अभ्यास केलेल्या माणसाला एक खोड असते. शब्द ऐकला की तो सोलून बघायचा. मी विचारलं, "स्कोर्दाल्या म्हणजे काय?"

"स्कोर्दो, लसूण."

"आणि आल्या?"

"आल्या म्हणजे..." तिने खांदे उडवले. "आल्या."

मी तिला सांगितलं की आमच्या भाषेत 'आल्या' म्हणजे बायका घरी आल्या. हे तिला इतकं आवडलं की त्यानंतर मी खाली तिच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं की ती ओरडायची, "आल्या!" मी एकटी असले तरी अनेकवचन. तो शब्द तिथेच राहिला, अर्धा सोललेला.

एकाहत्तरच्या शरदात आम्हाला मुलगी झाली. ती बोलायला लागली ती थोडी उशिरा, आणि बोलली ती जोडीने. दूधमिल्क. पाणीवॉटर. बूटशूज. वर आमच्याकडे एक शब्द, खाली आणि रस्त्यावर दुसरा. तिने दोन्ही उचलले आणि एकमेकांना चिकटवले. आम्हाला गंमत वाटायची. एकदा बसमध्ये ती एका कुत्र्याला बघून "भूभूडॉग, भूभूडॉग" ओरडली, तेव्हा कंडक्टरसुद्धा तिच्या सुरात म्हणाला, "भूभूडॉग!"

तेव्हा लहान मुलं असलेल्या घरी हेल्थ व्हिजिटर येत असे. ती नर्सच, पण घरी येऊन मुलाची वाढ बघायची, वजन, दात, बोलणं सगळं तपासायची. आमच्याकडे येणाऱ्या बाई चाळिशीच्या, निळ्या कोटातल्या, बोलायला मऊ होत्या. मुलगी अडीच वर्षांची असताना त्यांनी तिला चित्रांचं पुस्तक दाखवलं. मुलीने प्रत्येक चित्राला तिचा जोडशब्द सांगितला आणि शाबासकीसाठी वर पाहिलं. बाईंनी पुस्तक मिटलं.

"ती गोंधळली आहे," त्या मला म्हणाल्या. "दोन भाषा एवढ्या लहान डोक्याला जड होतात. शाळेत मागे पडेल. घरात फक्त इंग्रजी बोला. तिच्यासाठी."

'तिच्यासाठी' म्हटल्यावर मी काय बोलणार? संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने कोट काढून खुंटीला लावला. मग म्हणाला, "त्यांचा रोजचा अनुभव आहे. आपण डॉक्टर म्हणून सांगतो तेव्हा लोकांनी ऐकावं असं वाटतं ना आपल्याला?"

दुसऱ्या दिवसापासून मी मुलीशी इंग्रजी बोलायला लागले.

माझं इंग्रजी परीक्षेचं होतं. निबंध लिहायला चांगलं. त्यात लाडाचा एकही शब्द नव्हता. मुलगी पडली की मराठीत माझ्या तोंडून जे आपोआप निघायचं, 'अगं माझी बाय, कुठं लागलं बघू', ते मी घशातच थांबवायची, आणि ते इंग्रजीत होईपर्यंत तिचं रडणं संपलेलं असायचं. मी तिला रागवायची तेही सभ्यपणे, जणू ऑफिसातल्या कुणाला सूचना देते आहे. अंघोळ घालताना मी गप्प राहू लागले. आम्ही नवराबायको आपसात मराठी बोलायचो, पण ती खोलीत आली की थांबायचो. लपवून काही खाणाऱ्या माणसांसारखे. ती एकदा दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिला वाटलं असणार की हे दोघं तिच्याबद्दल बोलताहेत.

जोडशब्द हळूहळू कमी झाले. हेल्थ व्हिजिटर खूश होत्या. आणि मी रोज थोडी कमी आई होत होते, असं मला वाटायचं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सायप्रसमध्ये तुर्की फौज उतरली आणि युद्ध झालं. घरमालकीण दिवसभर रेडिओपाशी बसायची. तिचं गाव उत्तरेकडे होतं, तिथल्या सगळ्या ग्रीकांना घरं सोडून पळावं लागलं. हिवाळ्याच्या तोंडावर तिचा थोरला भाऊ लंडनला आला. सत्तरीच्या जवळचे, उंच, वाकलेले, तीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलेले मास्तर. हातात एक पिशवी. अंगावर कुणीतरी दिलेला, बाह्या आखूड पडणारा कोट.

बहिणीने मला मोडक्या इंग्रजीत जे सांगितलं ते असं. मास्तर आयुष्यभर गावातले शब्द गोळा करत होते. शेतकऱ्यांचे, धनगरांचे, म्हाताऱ्या बायकांचे शब्द, जे कुठल्याच कोशात नव्हते. एकेका शब्दाचं एकेक कार्ड. बिस्किटांच्या डब्यांतून कार्डं भरून ठेवलेली, कपाटाच्या वरच्या फळीवर. पळताना वाटलं, दोन-तीन दिवसांत परत येऊ. बरोबर घेतला तो पाव, चीज आणि आजारी शेजारणीचा हात.

"घर, बाग, सगळं गेलं," ती म्हणाली. "घर रडत नाही तो. डबे रडतो."

खरं तर ते रडतही नव्हते. बोलतच नव्हते. स्वयंपाकघरात बॉयलरजवळच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसायचे. मी आत गेले की उठून उभे राहायचे, मान लववायचे आणि परत बसायचे. तीन महिन्यांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. माझ्या मुलीला त्यांची भीती वाटत नव्हती. ती त्यांच्या पायाशी बसून खेळायची.

उपवासाचे दिवस पुन्हा आले. एका दुपारी घरमालकीण चटणीला बसली होती, मी लसूण सोलून देत होते आणि मुलगी फरशीवर लसणीची सालं गोळा करत होती. बाईने एक पाकळी तिच्या नाकाशी धरली आणि विचारलं, "काय हे?"

"लसूणगार्लिक," मुलगी म्हणाली.

तो शब्द तिने आमच्याकडून चोरून ऐकलेला असणार. मी दचकले. "गार्लिक," मी घाईने म्हणाले. "फक्त गार्लिक." मुलाच्या तोंडातून बटण काढून घ्यावं तसा मी तो दुसरा शब्द काढून घेतला.

"तिला का टोकता?"

आवाज खुर्चीतून आला होता. इंग्रजी स्वच्छ, एकेक शब्द सुटा. सायप्रसवर इंग्रजांचंच राज्य होतं, मास्तर इंग्रजीही शिकवत असत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. घरमालकिणीचा हात खलात थांबला.

"ती दोन शब्द एकत्र करते," मी म्हणाले. "नर्स म्हणतात, तिचा गोंधळ होतो."

"कसला गोंधळ?"

"एकाच गोष्टीला दोन भाषांतले दोन शब्द. एकापाठोपाठ."

मास्तरांनी बहिणीच्या खलाकडे बोट केलं. "मग हे काय आहे?"

"स्कोर्दाल्या."

"स्कोर्दो म्हणजे?"

"लसूण. ते ठाऊक आहे मला. पुढचं कुणालाच सांगता येत नाही."

"मला येतं." ते खुर्चीत पुढे सरकले. वर्गात फळ्यापुढे उभे असल्यासारखा त्यांचा हात वर झाला. "आमच्या बेटावर एके काळी व्हेनिसच्या लोकांचं राज्य होतं. त्यांच्याकडे लसणीला 'आल्यो' म्हणतात, आणि लसणीच्या चटणीला 'आल्याता'. ते त्यांची चटणी घेऊन आले आणि नाव सांगितलं, आल्याता. आमच्या बायकांना ते काही कळेना. मग त्यांनी त्याच्यापुढे आपला शब्द लावला. स्कोर्दो, आल्याता. स्कोर्दाल्या. लसूण-लसूण." त्यांनी माझ्या मुलीकडे पाहिलं. "हिने आत्ता जे केलं, तेच. तुमच्या नर्सला विचारा, चारशे वर्षं अख्खे ग्रीक लोक जेवताना गोंधळलेले होते का?"

मी हातातली लसूण खाली ठेवली.

"जिथे दोन भाषा एका उंबऱ्यावर बसतात," ते म्हणाले, "तिथे माणसं दोनदा सांगतात. एकदा स्वतःसाठी, एकदा शेजाऱ्यासाठी. हा गोंधळ नाही. ही रीत आहे."

आणि मग मला एकदम आमचे शब्द आठवायला लागले. इतकी वर्षं ते तोंडात होते आणि मी ते कधी सोलून पाहिले नव्हते. बाजारहाट. बाजार फारसी, हाट आपला. कागदपत्र. धनदौलत. आणि पाव, हा तर पोर्तुगीजांचा, म्हणून कुणीतरी त्याच्यामागे रोटी लावली आणि पावरोटी झाली, म्हणजे रोटीरोटी. पुण्यातल्या माझ्या आईला मी बाजारहाट करून येते म्हणाले तर ती काही मला गोंधळलेली म्हणणार नव्हती. मी मास्तरांना एकेक शब्द सांगत गेले. राज्य कुणाचं होतं, कुठला अर्धा कुणाचा, हेही. मी किती वर्षांनी अशी बोलत होते, हे माझ्या स्वतःच्या आवाजावरून मला कळत होतं.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. "हळू." आणि बहिणीकडे वळून ग्रीकमध्ये काहीतरी मागितलं. तिने फळीवरचं एक जुनं पाकीट आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाकीट फाडून सरळ केलं, गुडघ्यावर ठेवलं आणि लिहायला सुरुवात केली. बा-जा-र-हा-ट. ग्रीक अक्षरांत.

घरमालकीण आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि वाटत राहिली. लसणीचं लोणी कधीच झालं होतं. ती बराच वेळ तशीच वाटत होती.

त्या संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं.

"चटणीच्या नावावरून तू मुलीचं शिक्षण ठरवणार?" तो म्हणाला.

"चटणीच्या नावावरून नाही. मला तिच्याशी बोलता येत नाहीये, हे मी वर्षभर बघते आहे. कारण आज सापडलं."

"आणि ती शाळेत मागे पडली तर?"

"तर पडेल. मग आपण दोघं मिळून तिला शिकवू. पण आई तरी असेल तिला."

माझा नवरा कमी बोलणारा माणूस. त्याने मुलीला उचललं, मांडीवर घेतलं आणि मराठीत म्हणाला, "काय गं, काय केलंस आज?" मुलगी त्याच्या तोंडाकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. आम्ही चुकून तर बोलत नाही ना, हे ती तपासत होती.

हे सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आठवडेच्या आठवडे. बरेच शब्द निघून गेले होते. 'चांदोबा' गेला होता, 'भातुकली' गेली होती. 'आजी' हा शब्द तिने विचारला, कारण आजी फक्त पत्रातून यायची. मी एकदा वैतागून रडले. मग एक दिवस अंघोळीच्या वेळी ती पाण्यात बोट बुडवून म्हणाली, "आई, पाणी गरम आहेस." क्रियापद चुकलं होतं. मी काही दुरुस्त केलं नाही. मी तिला तशीच ओली उचलून घेतली.

पुढच्या खेपेला हेल्थ व्हिजिटर आल्या तेव्हा मी त्यांना काय केलं ते सांगून टाकलं. लपवायचं नाही असं ठरवलं होतं. भाषण तयार होतं. पण चटणीचं नाव आणि मास्तरांचं म्हणणं सांगत असताना त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मीच थांबले.

"माझी आजी वेल्श होती," त्या म्हणाल्या. "शाळेत वेल्श बोललं की गळ्यात लाकडाची पाटी अडकवत. तिने माझ्या आईला एक शब्द शिकवला नाही. आजी मरताना वेल्शमध्ये काहीतरी सांगत होती. आई उशाशी बसलेली होती. तिला कळलं नाही."

त्यांनी त्यांच्या वहीत काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. जाताना त्यांनी मुलीचा गाल थोपटला आणि मला म्हणाल्या, "मी तुम्हाला जे सांगितलं होतं ते आम्हाला शिकवलेलं होतं." त्यात माफी होती की नुसती माहिती, ते मला ठरवता आलं नाही. मी त्यांना चहा दिला.

खाली मास्तर पुन्हा लिहायला लागले होते. मला तोवर भागातल्या सार्वजनिक वाचनालयात अर्ध्या वेळेचं काम मिळालं होतं, पुस्तकं फळीवर लावायचं. तिथली बाद झालेली कॅटलॉगची कार्डं मी मागून आणायची. त्यांची मागची बाजू कोरी असे. मास्तर आठवेल तो शब्द लिहायचे. शनिवारी दुपारी मी खाली जायची आणि ते मला चार-पाच कार्डं वाचून दाखवायचे. मेंढीच्या कानाला शेंडा नसेल तर तिला काय म्हणतात. पहिल्या पावाच्या तुकड्याला काय म्हणतात. पाणी अर्धं भरलेल्या विहिरीला काय म्हणतात. काही शब्द आठवायचे पण अर्थ नाही. काहींचे अर्थ असायचे आणि शब्द जिभेवर येत नसे. तेव्हा ते उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहत.

मीही त्यांना माझे शब्द द्यायची. लसणीसाठी संस्कृतात एक शब्द आहे, रसोन. वैद्यांच्या जुन्या ग्रंथांत त्याची फोड दिलेली असते. चव एकूण सहा. लसणीत त्यांतल्या पाच आहेत, एक कमी. रस म्हणजे चव आणि ऊन म्हणजे कमी, म्हणून रसोन.

"कुठली कमी?" मास्तरांनी लगेच विचारलं.

"आंबट."

त्यांनी हे बहिणीला ग्रीकमध्ये सांगितलं. तिने मान वर न करता उत्तर दिलं आणि मास्तर मोठ्याने हसले. त्यांचं हसणं मी प्रथमच ऐकलं. "ती म्हणते, मग मी व्हिनेगर कशाला घालते असं वाटलं तुम्हाला?"

पुढच्या वर्षीची गोष्ट. वाचनालयाच्या संदर्भ विभागात मी एक जाड कोश उघडला. शोधत होते दुसरंच काही, पण नजर नको तिथे गेली. स्कोर्दाल्याच्या उत्पत्तीबद्दल एकमत नाही, असं त्यात लिहिलं होतं. काही जाणकार तो व्हेनिसच्या शब्दाशी जोडलेला जोडशब्द मानतात. काहींच्या मते 'आल्या' हा वेगळा शब्दच नाही, नुसता प्रत्यय आहे, जसा आपल्याकडे 'पणा' किंवा 'वाला'. म्हणजे लसणीचं काहीतरी, इतकंच. दोनदा लसूण नाही. एकदाच.

मी ते पान कितीदा तरी वाचलं. मग कोश जागेवर ठेवला आणि दोन आठवडे मास्तरांना काही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? मला वाटायचं, त्यांच्यासाठी. त्या एका शब्दाने ते बोलायला लागले होते. पण 'तिच्यासाठी' म्हणून मी एकदा केलेलं माझ्या लक्षात होतं. खरं तर भीती माझी होती. मी माझ्या मुलीशी मराठी बोलायला लागले ती त्या लसूण-लसणीच्या जोरावर. तो जोडशब्द नसेलच तर? तर मी कशाच्या जोरावर उभी होते?

शेवटी एका शनिवारी सांगितलं. मास्तर ऐकत गेले तसे लाल होत गेले.

"कुणी लिहिलं ते?" त्यांनी विचारलं. "कुठे बसून लिहिलं? सायप्रसमध्ये आला होता का तो?" मग काहीतरी ग्रीकमध्ये. मग कार्डं गोळा करून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. पुढचे दोन शनिवार मी खाली गेले तर खुर्ची रिकामी. घरमालकीण म्हणायची, "शाळामास्तर. लहान पोर." आणि मला कॉफी द्यायची.

तिसऱ्या शनिवारी ते खुर्चीत होते. मान लववून त्यांनी एक कार्ड माझ्या हातात दिलं. त्यावर इंग्रजीत दोन्ही मतं लिहिली होती, माझ्या कोशातलं आधी, त्यांचं नंतर. खाली एक ओळ होती: 'निकाल लागलेला नाही.'

"तीस वर्षं मी पोरांना सांगत होतो, खात्री नसेल तर तसं लिहा," ते म्हणाले. "मला जोडशब्दच खरा वाटतो. पण वाटणं वेगळं."

"मग मी त्या दिवशी जे ठरवलं, ते?" मी विचारलं.

"बाजारहाट खोटा आहे का?"

"नाही."

"कागदपत्र?"

"नाही."

"मग?"

मी यावर पुढे खूप विचार केला. मास्तरांचं उत्तर पुरेसं होतं, पण पूर्ण नव्हतं. बाजारहाट खोटा निघाला असता तरी मी मुलीशी मराठी बोलायला हवी होती. माझं चुकलं ते परवानगी शोधत बसण्यात. आधी नर्सकडून घेतली, मग एका शब्दाकडून. शब्द कुठून आला हे शोधणं हे फार आनंदाचं काम आहे आणि मी ते आयुष्यभर केलं, पण कसं जगावं याचं ओझं त्या बिचाऱ्यावर टाकू नये. आज हे लिहायला सोपं वाटतं. तेव्हा मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची होते, आणि मला कुणीतरी 'बरोबर आहे' म्हणायला हवं होतं. ते म्हणणारा माणूस खालच्या मजल्यावर होता, हे माझं नशीब.

मुलगी शाळेत मागे पडली नाही. फार पुढेही गेली नाही. तिचं मराठी आजही एका पायाने लंगडतं. तिच्याकडे 'माझा भाजी' असते आणि 'ती दरवाजा'. पण ती पुण्याला तिच्या आजीजवळ तासन्‌तास बसायची, आणि दोघी काय बोलत होत्या ते मला सांगायच्या नाहीत.

अठ्ठ्याहत्तर साली नवऱ्याला रीडिंगला कायमची नोकरी मिळाली आणि आम्ही ते घर सोडलं. घरमालकिणीने मला मिठी मारली ती इतकी घट्ट की तिच्या काळ्या स्वेटरची गुंडी माझ्या गळ्यावर रुतली. मास्तर फाटकापर्यंत आले, सामान चढवणाऱ्या माणसांना उगाच सूचना देत राहिले.

महिनाभराने रीडिंगच्या पत्त्यावर त्यांचं पत्र आलं. तब्येतीचं, हवेचं आटोपशीर लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं होतं: 'वरच्या मजल्यावर राहणारं आणि रोज खाली येऊन बसणारं जे माणूस असतं, त्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? आमच्याकडे शब्द नाही. मी बहिणीलाही विचारलं.'

मी चार दिवस शोधत होते. भाडेकरू म्हटलं तर तो कराराचा शब्द. शेजारीण म्हटलं तर ती बाजूला राहते, वर नाही. पाहुणी नऊ वर्षं राहत नाही. नवऱ्याला विचारलं, पुण्याला आईला पत्र टाकलं. शेवटी मास्तरांना लिहिलं की आमच्याकडेही नाही, निदान मला तरी सापडलेला नाही, आणि सोबत रीडिंगच्या वाचनालयातली पन्नास कोरी कार्डं पाठवली.